आई-वडिलांची दोन लग्नं असतील, तर मृत्युपत्र कोणत्या प्रकारचं करावं?

मृत्युपत्राचा बाजारात मिळणारा छापील नमुना साध्या घरासाठी बनवलेला असतो. एक नवरा, एक बायको आणि त्या दोघांची मुलं. पण पहिली बायको गावी वेगळी राहते, कोर्टात घटस्फोट कधी झालाच नाही आणि शहरात दुसरा संसार उभा आहे, असंही घर असतं. कुठे आईने वैधव्यानंतर पुन्हा लग्न केलेलं असतं आणि तिला दोन्हीकडची मुलं असतात. कुठे दुसऱ्या पत्नीसोबत आलेला मुलगा वडिलांनी पोटच्या पोरासारखा वाढवला, पण दत्तक घ्यायचं राहून गेलं. अशा घरांत "माझी पत्नी व माझी मुले यांना समान वाटा" हे एक वाक्य वर्षानुवर्षांच्या दाव्याला पुरतं. पत्नी कोण आणि मुलं कोणती, हेच तिथे वादाचं असतं.

खालचं विवेचन मुख्यतः हिंदू वारसा कायद्याखाली येणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबंही येतात. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि गोव्यातल्या कुटुंबांचे नियम बरेच वेगळे आहेत, ते शेवटी दिले आहेत.

पहिली पायरी: प्रत्येक नात्याचा कागद शोधा

वकिलाकडे जाण्याआधी एका कोऱ्या कागदावर आई किंवा वडिलांची सगळी नाती तारखांसह लिहा: लग्न, विभक्त होणं, घटस्फोट, मृत्यू, प्रत्येक मुलाचा जन्म. प्रत्येक ओळीपुढे त्याचा पुरावा काय आहे ते लिहा. पुरावा नसेल ती जागा रिकामी ठेवा. वाद बहुतेक वेळा त्या रिकाम्या जागांतूनच उभा राहतो.

घटस्फोट म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, आणि त्याची प्रमाणित प्रत हाताशी हवी. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर दोघांनी सह्या करून लिहिलेली सोडचिठ्ठी एवढ्याने लग्न मोडत नाही. ज्या जातीत काडीमोडीची जुनी रूढी आहे तिथे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29(2) ने ती मान्य होऊ शकते, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. तीस वर्षं वेगळं राहिल्यानेही लग्न संपत नाही, आणि न्यायिक विभक्ततेचा आदेश असला तरीही संपत नाही. म्हणजे वडील गेल्यावर ती पहिली बायकोच त्यांची विधवा आणि प्रथम वर्गाची वारस, म्हणजे सर्वांत आधी वाटा मिळणाऱ्यांपैकी एक, ठरते. उलट, रीतसर घटस्फोट झालेली पत्नी वारस नसते. फक्त पोटगीचा हुकूम किंवा संमतीच्या अटी नीट वाचा. घराबद्दल किंवा मुलांच्या नावे ठेवीबद्दल काही कबूल केलेलं असेल तर ते मृत्युपत्राच्या आधी येतं.

पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 11 प्रमाणे रद्दबातल असतं. ती स्त्री कितीही वर्षं सोबत राहिली तरी पत्नी म्हणून वारस होत नाही. तिची मुलं मात्र कलम 16 मुळे औरस मानली जातात आणि आई-वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागू शकतात. त्यासाठी लग्नविधी झाल्याचा पुरावा लागतो, म्हणून पत्रिका, फोटो, भटजींचा दाखला, जे असेल ते जपून ठेवा.

सावत्र मुलांबाबत लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज शाळेच्या दाखल्यावरून होतो. दाखल्यावर, आधारवर, रेशनकार्डावर सावत्र वडिलांचं नाव लागलं म्हणजे मुलगा दत्तक झाला, असं होत नाही. दत्तकविधान रीतसर झालेलं नसेल तर वडिलांच्या मालमत्तेत त्या मुलाला वारस म्हणून काहीही मिळत नाही. त्याला द्यायचं असेल तर मृत्युपत्रात त्याचं नाव घालूनच द्यावं लागतं.

दुसरी पायरी: मृत्युपत्र नसतं तर काय झालं असतं, ते मांडा

हा हिशेब केल्याशिवाय मृत्युपत्राचा प्रकार निवडता येत नाही. समजा वडिलांनी स्वतःच्या कमाईतून पुण्यात सदनिका घेतली आहे. पहिली पत्नी हयात आहे, घटस्फोट नाही, तिची एक मुलगी आहे. 1994 मध्ये वडिलांनी विधीपूर्वक दुसरं लग्न केलं, त्यातून एक मुलगा झाला. दुसऱ्या पत्नीसोबत तिचा आधीचा एक मुलगाही आला. वडिलांची आई हयात नाही. मृत्युपत्र नसताना वडील वारले तर पहिल्या पत्नीला 1/3, तिच्या मुलीला 1/3 आणि दुसऱ्या लग्नाच्या मुलाला 1/3 वाटा मिळेल. ज्या घरात दुसरी पत्नी इतकी वर्षं राहते आहे त्या घरात तिला शून्य, आणि सोबत आलेल्या मुलालाही शून्य. वडिलांची आई हयात असती तर तीही प्रथम वर्गाची वारस असल्याने वाटे चार झाले असते.

आईचं गणित वेगळं असतं. तिची मालमत्ता हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिची सगळी मुलं आणि हयात नवरा यांच्यात समान वाटली जाते, मग ती मुलं कुठल्याही लग्नाची असोत. तिला मूलबाळ नसेल आणि नवराही आधी गेला असेल, तर स्वकष्टाची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे सख्ख्या बहिणीने आयुष्यभर सांभाळलं तरी पहिला हक्क सावत्र मुलाचा. माहेरून वारशाने आलेली मालमत्ता अशा वेळी वडिलांच्या वारसांकडे परत जाते, आणि नवरा किंवा सासऱ्याकडून आलेली त्या नवऱ्याच्या वारसांकडे. दोन लग्नं झालेल्या निपुत्रिक स्त्रीने मृत्युपत्र न करणं सगळ्यांत जास्त महागात पडतं, असं आमचं ठाम मत आहे.

तिसरी पायरी: मृत्युपत्राने देता येतं ते आणि न येणारं वेगळं करा

वडिलोपार्जित जमिनीत माणूस फक्त आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतो. वरच्या उदाहरणात एकत्र कुटुंबाची शेती असती तर वडील, पहिली पत्नी आणि मुलगी असे तीन हिस्से पडले असते आणि वडिलांच्या हातात 1/3 आला असता. रद्दबातल लग्नातला मुलगा जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतला भागीदार, होत नाही. पण वडिलांच्या वाट्याला आलेल्या हिश्श्यात त्याला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2023 रोजी रेवनसिद्दप्पा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आणि आजोबांची प्रत्येक जमीन वडिलोपार्जित नसते. आजोबांनी स्वतः घेतलेली असेल आणि ते 1956 नंतर मृत्युपत्राविना वारले असतील, तर ती वडिलांकडे त्यांची स्वतःची म्हणून येते. म्हणून नुसता आजचा सातबारा पाहून थांबू नका, जुने फेरफार काढा.

पागडीची खोली मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे ती जाते, असा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचा नियम आहे. मुंबईत या एका गोष्टीवरून मृत्युपत्रातलं सगळं वाटपच कोलमडतं, कारण एका मुलाला खोली आणि दुसऱ्याला ठेवी असा हिशेब बसवलेला असतो.

कुटुंब निवृत्तिवेतनही मृत्युपत्राच्या बाहेर असतं. ते सेवानियमांप्रमाणे ठरतं आणि तिथे कायदेशीर पत्नी कोण हाच प्रश्न येतो. दुसऱ्या पत्नीचा पुढचा खर्च त्या पेन्शनवर अवलंबून धरला असेल तर ती सोय दुसऱ्या मार्गाने करा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेतली ठेव, शेअर आणि सोसायटीतली सदनिका नॉमिनीच्या हातात येते ती वारसांसाठी किंवा मृत्युपत्रात ज्यांची नावं आहेत त्यांच्यासाठी. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा सांगितलं. विम्याचं तसं नाही. 2015 च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, मुलं किंवा आई-वडील यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर तो त्या रकमेचा लाभार्थी धरला जातो. म्हणून लग्नाआधी किंवा पहिल्या लग्नाच्या काळात भरलेले सगळे नॉमिनेशन अर्ज काढून पाहा. भविष्यनिर्वाह निधीत लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर निरर्थक होतं, ते पुन्हा भरावंच लागतं. बँक ठेवींना नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्याचा इथे खरा उपयोग आहे.

चौथी पायरी: प्रकार निवडा

सरळ वाटणीचं मृत्युपत्र, म्हणजे अमुक मालमत्ता अमुक व्यक्तीला पूर्ण मालकीने. घरं किंवा ठेवी एकाहून जास्त असतील आणि प्रत्येक शाखेला वेगळी वस्तू देता येत असेल तर हाच प्रकार सर्वांत चांगला. एकच सदनिका पहिल्या घरची मुलगी आणि दुसऱ्या घरचा मुलगा यांना निम्मी-निम्मी देऊ नका. ज्यांचं एकमेकांशी बोलणंही नाही त्यांना सहमालक केलं तर विक्रीच्या प्रत्येक सहीसाठी दावा लागतो. द्यायचीच असेल तर "सदनिका विकून रक्कम अमुक प्रमाणात वाटावी" असं लिहा आणि विक्रीचा अधिकार व्यवस्थापकाला, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसाला द्या.

हयातीपुरत्या हक्काचं मृत्युपत्र अशा कुटुंबांत सर्वाधिक कामाचं आणि सर्वाधिक चुकीचं लिहिलं जाणारं. यात दुसऱ्या पत्नीला हयातभर राहायला घर मिळतं आणि तिच्यानंतर मालकी मुलांकडे जाते. "घर पत्नीला, तिच्यानंतर मुलांना" असं मोघम लिहिलं की आधीचं पूर्ण दान आणि नंतरची इच्छा असा अर्थ निघू शकतो. दुसरी अडचण हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ची. कायदेशीर पत्नीला निर्वाहाच्या हक्कापोटी मर्यादित हक्क दिला असेल तर तो पूर्ण मालकीत बदलतो, हे 1977 च्या तुलसम्मा निकालापासून प्रस्थापित आहे. म्हणून मालकी पहिल्या दिवसापासून मुलांना द्या आणि पत्नीला फक्त राहण्याचा हक्क लिहा. तिच्या निर्वाहासाठी मुदत ठेव किंवा ठरावीक रक्कम वेगळी, पूर्ण मालकीने द्या आणि राहण्याचा हक्क निर्वाहापोटी नाही हेही नमूद करा. या पद्धतीने वाद लागणारच नाही असं कोणी वकील छातीठोकपणे सांगणार नाही, पण धोका पुष्कळ कमी होतो.

मृत्युपत्राने नेमलेला विश्वस्त हा प्रकार अज्ञान मूल, मतिमंद किंवा आजारी मूल, किंवा पैसे एकदम हातात पडले तर नातेवाईक काढून घेतील अशी वृद्ध पत्नी असेल तेव्हा घ्या. विश्वस्त दोन असावेत, दोन्ही घरांबाहेरचे असावेत, आणि दरमहा किती रक्कम कशासाठी द्यायची हे आकड्यांत लिहावं. पाच-दहा लाखांच्या मालमत्तेसाठी याच्या भानगडीत पडू नये.

नवरा-बायकोचं संयुक्त मृत्युपत्र दुसऱ्या लग्नात टाळा, असा आमचा स्पष्ट सल्ला. दोघं एका कागदावर सह्या करतात, एक जातो, दुसरा हयात राहतो, आणि मग त्याने तो कागद बदलायचा की नाही यावरून सावत्र मुलांत वाद पेटतो. दोन स्वतंत्र मृत्युपत्रं करायला तेवढाच वेळ लागतो.

काही जण हयातीतच बक्षीसपत्र करतात, कारण राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये पडतं. पण ही सवलत कायद्यात नाव असलेल्या नात्यांपुरती आहे, दत्तक न घेतलेला सावत्र मुलगा त्यात बसत नाही. आणि बक्षीसपत्र मनाला येईल तसं मागे घेता येत नाही. म्हाताऱ्या माणसाने डोक्यावरचं छप्पर असं देऊ नये.

पाचवी पायरी: शब्द

नातं न लिहिता माणूस लिहा. दुसऱ्या लग्नाच्या वैधतेबद्दल शंका असेल तर मजकूर साधारण असा असावा:

"श्रीमती (पूर्ण नाव), वडिलांचे नाव (…), जन्मतारीख (…), या 1994 पासून माझ्यासोबत राहत आहेत. आमच्या नात्याची कायदेशीर स्थिती काहीही ठरली तरी खालील देणगी मी त्यांना व्यक्ती म्हणून, त्यांच्या नावाने देत आहे."

आणि राहण्याच्या हक्काचं कलम:

"सदर सदनिकेत त्यांना हयातभर राहण्याचा हक्क राहील. ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क राहणार नाही. मासिक देखभाल खर्च व वीजबिल त्या भरतील. मालमत्ता कर व मोठी दुरुस्ती मालकांनी करावी. इमारतीचा पुनर्विकास झाल्यास पर्यायी जागेचे भाडे त्यांना मिळेल व नव्या सदनिकेत हाच हक्क पुढे चालू राहील."

पुनर्विकासाचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर विकासकाशी करारावर सही मुलांची आणि भाड्याचा धनादेशही मुलांच्या नावे, अशी स्थिती होते आणि बाईंना सामान घेऊन कुठे जायचं हा प्रश्न पडतो.

ज्याला काही द्यायचं नाही किंवा कमी द्यायचं आहे त्याचंही नाव लिहा आणि कारण सभ्य शब्दांत लिहा: "मुलीच्या शिक्षणासाठी व लग्नासाठी मी हयातीत खर्च केला आहे", "पहिल्या पत्नीस एकरकमी पोटगी दिली आहे". नाव गाळलं की वडिलांना तिची आठवणच नव्हती, म्हणजे मन ठिकाणावर नव्हतं, असा मुद्दा विरोधक मांडतो. चारित्र्यावर एक शब्दही लिहू नका. तसं लिहिणं क्रूर आहे, आणि कोणीतरी कान भरल्याचा पुरावा म्हणून ते कोर्टात वापरलं जातं. घटस्फोट न झालेल्या पत्नीला पूर्ण वगळलं तरी ती हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे, मालमत्ता ज्यांना मिळाली त्यांच्याकडून निर्वाह मागू शकते. त्यापेक्षा तिच्यासाठी ठरावीक तरतूद करणं न्यायाचंही आहे आणि शहाणपणाचंही.

प्रत्येक देणगीपुढे "ती व्यक्ती माझ्याआधी वारल्यास कोणाला" हे हवं. पोटचा मुलगा आधी वारला आणि त्याची मुलं हयात असली तर भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 109 ने देणगी टिकते. सावत्र मुलगा किंवा पत्नी आधी गेली तर ती संपते आणि उरलेल्या मालमत्तेत मिसळते. म्हणून शेवटी "उर्वरित सर्व मालमत्ता" कोणाला हे कलम हवंच. नाहीतर विसरलेलं एक बँक खातं पुन्हा दुसऱ्या पायरीतल्या हिशेबाने वाटलं जाईल.

सहावी पायरी: सही

साधा कागद चालतो. मुद्रांक लागत नाही, नोटरी लागत नाही. लागतात ते भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे दोन साक्षीदार, ज्यांनी प्रत्येकाने सही होताना पाहिली आहे किंवा करणाऱ्याने "ही माझी सही" असं त्यांना सांगितलं आहे. दोघांनी करणाऱ्यासमोर सही करायची. साक्षीदार घरातला नको, लाभार्थी नको, आणि शक्यतो करणाऱ्याहून बराच लहान हवा, कारण पुढे निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागेल. फॅमिली डॉक्टर हे उत्तम साक्षीदार, आणि त्यांचा त्याच दिवसाचा तंदुरुस्तीचा दाखलाही जोडा.

सर्वोच्च न्यायालयाचा 1959 चा वेंकटाचल अय्यंगार निकाल अजूनही अशा खटल्यांचा पाया आहे. ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून वकिलाला फोन करणारा, फी देणारा, रिक्षाने ऑफिसात नेणारा तो मुलगा नसावा, आणि सहीच्या खोलीत तर नसावाच. मृत्युपत्र करणाऱ्याला वाचता येणाऱ्या भाषेतच करा. दृष्टी अधू असेल तर "मला वाचून दाखवले व समजले" हे साक्षीदारांसमोर लिहून घ्या. व्हिडिओ चित्रीकरण मदतीला येतं, पण साक्षीदारांची जागा घेत नाही. सहीनंतर पेनाने केलेली खाडाखोड पुन्हा सही व साक्षीविना निरुपयोगी. छोटा बदल पुरवणी मृत्युपत्राने करा, मोठा असेल तर नवंच करा आणि आधीचं रद्द केल्याचं लिहा.

सातवी पायरी: नोंदणी आणि नंतर

नोंदणी ऐच्छिक आहे, पण अशा घरात करावीच. दुय्यम निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्क लागत नाही, फी नाममात्र असते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधकांना घरी बोलावता येतं. नोंदणीमुळे कागद हरवण्याची भीती जाते. मात्र नोंदलेलं आहे म्हणजे खरंच आहे, असं कोर्ट आपोआप धरत नाही. घरातच कोणी कागद फाडेल अशी धास्ती असेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे.

व्यवस्थापक दोन्ही घरांच्या बाहेरचा नेमा आणि त्याची आधी संमती घ्या. मुंबईतल्या मालमत्तेसाठी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का घेण्याची, सक्ती करणारं भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 213 डिसेंबर 2025 च्या दुरुस्तीने वगळलं गेलं. तरी दोन घरं असलेल्या कुटुंबात प्रोबेट घेतलेला बरा. सोसायटी, बँक आणि तलाठी यांना तोच कागद दाखवता येतो, आणि आक्षेप असतील ते साक्षीदार हयात असतानाच निकाली निघतात.

इतर कायद्यांत असलेल्यांसाठी

हिंदूंचं मृत्युपत्र नंतर केलेल्या लग्नाने रद्द होत नाही. म्हणजे पहिल्या पत्नीच्या नावे केलेलं जुनं मृत्युपत्र दुसऱ्या लग्नानंतरही जिवंत राहतं, ते स्वतः बदलावं लागतं. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं मात्र लग्न होताच रद्द होतं, आणि लग्नानंतर नवं करावं लागतं. मुस्लिम व्यक्ती अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच वसीयत (मृत्युपत्र) करू शकते, आणि सुन्नी कायद्यात वारसाला वसीयतीने द्यायला इतर वारसांची मृत्यूनंतरची संमती लागते.

गोव्याच्या कुटुंबात सहसा नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते. एकाने फक्त आपल्या अर्ध्या भागाचाच विचार करायचा, आणि मुलं असतील तर त्यातलाही अर्धाच मर्जीने देता येतो. मृत्युपत्र तिथे विशेष नोटरीपुढे होतं, साध्या कागदावरचा पुण्याचा मसुदा चालणार नाही. गोमंतकीयाचं घर महाराष्ट्रात असलं तरी हाच कायदा लागू होतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल आहे.

परदेशात राहणाऱ्यांनी भारतातल्या घराचं मृत्युपत्र वेगळं करावं, कारण इथल्या स्थावर मालमत्तेला इथलाच कायदा लागतो. फक्त "माझी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य दोन्हीकडे जसंच्या तसं ठेवू नका. नंतर सही केलेला लंडनचा कागद पुण्याचा कागद रद्द करून टाकतो. पुण्याच्या कागदातल्या त्या वाक्यात "भारतातील मालमत्तेपुरती" आणि लंडनच्या कागदातल्या वाक्यात "भारतातील मालमत्ता वगळून" एवढे शब्द घाला.